भाऊजींचा काळा फुगा, नवीचा लाल

आमचे भाऊजी चहावर फुंकर मारत नाहीत. कप समोर ठेवायचा आणि चहा आपोआप निवायची वाट बघत बसायचं. तोवर पेपर चाळतात, नखं न्याहाळतात, आणि चहा पार गार झाला की कप माझ्यापुढे सरकवून म्हणतात, "वहिनी, जरा गरम करून देता का?" असं का हो, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं. तोंडाच्या वाऱ्यात थुंकी असते. अहो, थुंकी तुमचीच आणि चहाही तुमचाच, मग बिघडतं कुठे? पण नाही. ज्या माणसाचा सगळा जन्म कॅमेऱ्याच्या पोटातली धूळ काढण्यात गेला, त्याला फुंकर म्हणजे घाणेरडी सवय वाटते.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. बाजाराच्या मागच्या गल्लीत कॅमेरे विकायचं आणि दुरुस्त करायचं एक दुकान आहे, तिथे ते लग्नाच्या आधीपासून कामाला आहेत. त्याच दुकानाचा कडेचा तुकडा प्लायवुड ठोकून वेगळा काढलाय, त्यात मी शिलाईचं मशीन घेऊन बसते. पँटीच्या चेन बदलते, बाह्या आखूड करते, कमरा सैल करते. कमरा सैल करायलाच माणसं येतात, आवळून घ्यायला आजवर कुणी आलेलं नाही. तर भाऊजींचं टेबल आणि माझं मशीन यांच्यामध्ये फक्त ते प्लायवुड, आणि प्लायवुडला एका जागी चांगली बोटभर फट. मी काही मुद्दाम ऐकत नाही. पण मशीन थांबल्यावर काय कानात बोळे घालून बसू?

त्यांचं काम बघण्यासारखं असतं हे मात्र खरं. आधी लेन्स काढून ठेवतात. मग आतला आरसा वर जाऊन थांबेल असं बटण दाबतात. कॅमेरा डाव्या हातात, तोंड जमिनीकडे. जमिनीकडे का, तर उडालेली धूळ खाली पडावी, परत आत जाऊन बसू नये. उजव्या हातात तो काळा रबरी फुगा. डॉक्टर रक्तदाब बघताना दाबतात ना, तसलाच, पुढे पितळेची चोच. ते त्याला ब्लोअर म्हणतात, मी फुगाच म्हणते, आणि मी फुगा म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते, म्हणून तर म्हणते. तो फुगा आधी खिडकीकडे तोंड करून दोनचारदा नुसता हवेत दाबायचा, त्याच्याच पोटात काही अडकलं असेल तर निघून जावं म्हणून. मग चोच कॅमेऱ्याच्या तोंडाशी न्यायची, आत टेकवायची नाही, आणि फुस्स. थांबायचं. पुन्हा फुस्स. एखाद्या तान्ह्या बाळाच्या कपाळावर वारा घालावा तसं.

हा फुगा त्यांना त्यांच्या मास्तरांनी काम सोडताना दिला. मास्तरांच्या हाताखाली भाऊजींनी नुसती कपाटं पुसण्यात किती दिवस काढले, ते सांगायला लागले की आम्ही घरातले एकेक जण उठून कामाला लागतो. तर तो फुगा रोज खिशातून घरी येतो आणि खिशातून दुकानात जातो. आणि घरी आला म्हणून स्वस्थ बसतो असं नाही. टीव्हीचा रिमोट, भिंतीवरचं घड्याळ, मिक्सरच्या बुडाची भोकं, मुलांच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड, सगळ्यांना फुस्स. त्या कीबोर्डमधून एकदा इतका कचरा निघाला की धाकटी म्हणाली, याच्यात भाजी लावली तरी उगवेल. धाकटी म्हणजे भाऊजींची बायको, माझी जाऊ. आम्ही दोघी एकाच घरात नांदतो आणि एकमेकींच्या नवऱ्यांवर हसतो, म्हणून आमचं बरं चाललंय.

सगळं असं सुरळीत चालू असताना दुकानाच्या मालकांनी एक नवी बाई आणून बसवली.

आधी ती कुठेतरी मोबाईल दुरुस्त करायची. हात चटपटीत, बोलणं गोड, आणि वय म्हणाल तर भाऊजींपेक्षा फार तर चारपाच पावसाळे कमी. असं असून पहिल्याच दिवशी तिने भाऊजींना "काका" म्हटलं. मी पलीकडून ऐकलं आणि दोरा तोडायचा सोडून चिमटीत तसाच धरून बसले. त्या दिवशी घरी जाताना भाऊजींनी केसांना काळा रंग कुठला चांगला असतो, हे मला अगदी सहज म्हणून विचारलं.

"कुणासाठी हवाय?" मी म्हटलं.

"एक गिऱ्हाईक विचारत होतं."

"कॅमेऱ्याच्या दुकानात?"

"वहिनी, तुम्ही चाला जरा भरभर."

त्या नवीकडे ब्लोअर होता तो लालभडक. कसल्याशा मऊ रबराचा, चांगला पपईएवढा, आणि खाली तीन पाय. म्हणजे टेबलावर तो उभा राहायचा. भाऊजींचा आडवा पडलेला आणि तिचा ताठ उभा. त्याला मागे एक झडप होती, हवा मागून आत घ्यायची आणि पुढून सोडायची. भाऊजींच्या फुग्याला अशी झडप नाही. तो ज्या चोचीने सोडतो त्याच चोचीने घेतो. हे मला भाऊजींनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा होता की जणू शेजाऱ्याच्या घराला गच्ची आहे आणि आपल्याला नाही.

"दिसायला काय, खेळण्यासारखं दिसतं," ते म्हणाले.

"पण जोर आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"मी कशाला नाव सांगू."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नाही. ती नवी लेन्स कशी उलटी ठेवते. ती नवी गिऱ्हाइकाशी किती बोलते. ती नवी काम करता करता गाणं गुणगुणते, गुणगुणणं म्हणजे पण वाराच ना वहिनी, तोंडाचाच. तिच्या टेबलावर खिडकीचा उजेड जास्त येतो. ती नवी आज पिवळा ड्रेस घालून आली होती, पिवळ्याचे धागे सुटतात, ते आत गेले म्हणजे? माझा नवरा, म्हणजे भाऊजींचा थोरला भाऊ, मान खाली घालून जेवतो आणि उठतो, त्याला जगात कशाचंच काही नसतं. पण धाकटीचा घास मध्येच थांबायला लागला. पिवळा ड्रेस तिने बरोबर टिपला होता.

आणि खरं दुखणं वेगळंच होतं. दुकानात एक सर येतात. शाळेत शिकवायचे, आता निवृत्त आहेत, आणि पाणथळीवर जाऊन तासन्‌तास पक्ष्यांचे फोटो काढतात. सगळे त्यांना पक्षीवाले सर म्हणतात. हे सर इतकी वर्षं भाऊजींशिवाय कुणाच्या हातात कॅमेरा देत नव्हते. मालकांच्या हातात पण नाही. मालकांनी हात पुढे केला की सर कॅमेरा छातीशी धरून म्हणायचे, "ते आले की देतो." भाऊजींच्या जन्माचं एवढंच वैभव. कुणाला गाडी असते, कुणाला बंगला असतो, यांना पक्षीवाले सर होते.

तर एका सकाळी सर आले तेव्हा भाऊजी मागच्या खोलीत होते. नवी म्हणाली, "बसा ना सर, येतील काका. यात फोटो आहेत का? मला दाखवाल?" आणि सर बसले. भाऊजी बाहेर आले तेव्हा दोघं कॅमेऱ्याच्या त्या इवल्या पडद्यात डोकी घालून बसले होते, आणि सर सांगत होते की ह्या पक्ष्याची मादी कशी रुसून बसते. मी फटीतून भाऊजींचा चेहरा पाहिला. मला हसू येणार होतं, ते आलं नाही.

संध्याकाळी वाटेत ते म्हणाले, "मी त्यांचा एकही फोटो बघितलेला नाही."

"का?"

"त्यांनी कधी दाखवला नाही."

"तुम्ही मागितलात का कधी?"

त्यांनी खिशातला फुगा एकदा चाचपला. मग म्हणाले, "आपलं काम धूळ काढायचं."

पुढच्या वेळेला सर आले आणि दारातूनच विचारलं, "त्या ताई आहेत का?"

आता या सगळ्यात त्या काळ्या फुग्यानेही दगा द्यायचं ठरवलं. रबर म्हातारं झालं की चिकट होतं. उन्हाळ्यात तर हाताला असं लागायचं की जणू गुळाच्या ढेपेला हात लावलाय. त्याला खिशातली कापसाची लव चिकटायची, केस चिकटायचे, एकदा तर बसचं तिकीट चिकटलेलं मी पाहिलं. नवीने एकदा सहज म्हटलं, "काका, नवा घ्या ना, माझ्याकडे एक जादाचा आहे, देऊ?" मनापासून म्हणाली असेल बिचारी. पण भाऊजींना ते असं लागलं की त्यांनी दुपारचा डबा तसाच परत आणला.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी धाकटी माझ्याकडे आली. दाराला कडी लावली. मी म्हटलं, काय गं, कुणाचं काय झालं?

"ताई, घरातली पावडर संपत चाललीय."

"मग आण दुसरी."

"तसं नाही. मी लावत नाही. तुम्ही लावत नाही."

"मुलं लावत असतील."

"मुलं अंघोळ करतात का नीट, ते आधी विचारा." मग खाली बसली आणि आवाज बारीक केला. "हे नेतात. एका पत्र्याच्या डबीत भरून. मी बघितलं. मी आत आले तर डबी पाठीमागे लपवली. कशाला हवी म्हणून विचारलं तर म्हणाले, घाम येतो."

"येत असेल."

"लग्नाला इतकी वर्षं झाली, यांना आजवर घाम आला नाही का?" तिच्या डोळ्यात पाणी. "आणि केसांना रंग कुठला म्हणून विचारत होते ना तुम्हाला? तुम्हीच सांगितलंत. आणि तिचा पिवळा ड्रेस. आणि रोज उठून तिचंच पुराण. ताई, माणूस बायकोबद्दल असं बोलतो का कधी?"

"अगं, वाईट बोलतात ते तिच्याबद्दल."

"वाईट का होईना, बोलतात ना. माझ्याबद्दल वाईट तरी कुठे बोलतात?"

दुसरी एखादी असती तर समजूत घातली असती. मी म्हटलं, "तोंडावर तर पावडर दिसत नाही गं त्यांच्या. तिथे पोचून लावत असतील." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. पण मजा आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी माझ्या दुकानात हजर. हातात भाऊजींची जुनी पँट, खालचा काठ उसवून द्यायचं निमित्त. ते उसवणं तिला घरी डोळे मिटून येतं. स्टूल ओढून ती बरोबर फटीसमोर बसली. पँट मांडीवर, डोळा फटीला. मी म्हटलं, बस बाई, तिकीट नाही आपल्याकडे.

त्या दिवशी सकाळीच सर कॅमेरा ठेवून गेले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना पाणथळीवर जायचं होतं. वर्षातून एकदाच काही पाहुणे पक्षी तिथे उतरतात आणि दोनतीन दिवसांत निघून जातात. संध्याकाळी कॅमेरा स्वच्छ हातात मिळायला हवा, आणि "ताईंनाच द्या" असं मालकांना निक्षून सांगून गेले होते. मालकांनी तो नवीच्या टेबलावर ठेवला. नवी जेवायला बाहेर गेली. मालक पुढे गिऱ्हाइकात. आणि भाऊजी आपल्या जागेवरून त्या कॅमेऱ्याकडे बघत बसलेले.

धाकटी पुटपुटली, "तिच्या टेबलाकडेच बघतायत."

"ती नाहीये तिथे."

"म्हणून तर बघतायत."

भाऊजी उठले. इकडे तिकडे पाहिलं. कॅमेरा उचलून आपल्या टेबलावर आणला. मला कळलं, त्यांना काय करायचंय. ती यायच्या आत साफ करून ठेवायचा, आणि संध्याकाळी सरांना सांगायचं, मीच केला. लेन्स काढली, आरसा वर केला, तोंड जमिनीकडे. मग खिशातून एक पत्र्याची डबी काढली, झाकण उघडलं, आणि आतला तो फुगा, पांढराशुभ्र झालेला, बाहेर घेतला.

धाकटीने माझा दंड धरला. "ताई, ती डबी."

मी मात्र फुग्याकडे बघत होते. चिकटपणा जावा म्हणून हा माणूस इतके दिवस त्याला पावडर चोळत होता. नवीसमोर रबर नव्यासारखं दिसावं म्हणून. आधी वरवर चोळत असणार, आणि आदल्या दिवशी समाधान झालं नाही म्हणून अख्खा फुगाच डबीत दाबून बसवला असणार. आता मला सांगा, फुगा दाबून पावडरीत पुरला, आणि झाकण काढल्यावर तो परत फुगला, तर श्वास कशाचा घेणार? आणि घेणार चोचीनेच. त्याला झडप कुठे आहे?

एरवी भाऊजींनी तो आधी खिडकीकडे दाबला असता. पांढरा लोट उडाला असता, त्यांना कळलं असतं, आणि सगळं तिथेच मिटलं असतं. पण लक्ष दाराकडे. नवी कुठल्याही क्षणी येईल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने हवेत न दाबता चोच सरळ कॅमेऱ्याकडे नेली.

फुस्स. फुस्स.

मग त्यांनी लेन्स लावली, समोरच्या पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला. आत धूळ राहिली असेल तर अशा फोटोत तिचे डाग दिसतात. भाऊजींनी बघितलं, डोळे चोळले, पुन्हा बघितलं. भिंतीला देवी आल्यासारखं दिसत होतं. पुन्हा लेन्स काढली. फुस्स, फुस्स, फुस्स. पुन्हा फोटो. आता आणखी. इतक्या घाईने तो फुगा दाबलेला मी कधी ऐकला नव्हता. मग त्यांची नजर स्वतःच्या हातावर गेली. पांढरा हात, पांढरी बाही, आणि कॅमेऱ्याच्या काळ्या तोंडाभोवती पांढरी कड. ते खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं.

पाऊल वाजलं तसे ते झटकन उठले, कॅमेरा नवीच्या टेबलावर नेऊन ठेवला, आणि फुगा खिशात.

नवी आत आली. "काका, जेवलात? सरांचा घेते आता करायला." तिने लेन्स काढली आणि आत वाकून बघितलं. मग हळूच, "हे काय झालं?"

"काय झालं?" भाऊजी म्हणाले. आवाज असा की मला माझेच दीर ओळखू येईनात.

"आत सगळं पांढरं आहे."

"तुमच्याच टेबलावर होता. असा टाकून जायचा असतो का, मॅडम? भिंतीचा चुना पडतो, काय काय पडतं. मोबाईल नव्हे तो."

मालक आले. "काय चाललंय?" त्यांनी बघितलं आणि घामच फुटला त्यांना. "अहो, सर संध्याकाळी येतायत. उद्या त्यांचे ते पक्षी येणारेत. बाई, काय केलंत हे?"

"मी हात पण लावलेला नाही," नवी म्हणाली. रडवेली झाली होती.

"मग काय आपोआप झालं?" मालक म्हणाले, आणि भाऊजी खिडकीबाहेर बघत उभे. एक शब्द बोलले असते तर तिची सुटका होती. बोलले नाहीत. गप्प बसले की ती जाणार आणि सर परत यांचे होणार, एवढं साधं होतं ते. इकडे मी मशीनवरून उठले आणि परत बसले. मी काय करावं? पलीकडे जाऊन सांगावं, तर घरातलाच माणूस. न सांगावं, तर त्या बिचारीची नोकरी जाते.

नवीने कॅमेरा नाकाजवळ नेला. एकदा हुंगला, दोनदा हुंगला. "मालक, चुन्याला गुलाबाचा वास येतो का?"

मालकांनी हुंगलं. "येतोय खरा."

"ही अंगाला लावायची पावडर आहे."

आणि माझ्या शेजारी काय झालं सांगते. धाकटी एकदम उभी राहिली, स्टूल पडलं, पँट पडली, आणि ही बया प्लायवुडच्या या बाजूने, चेहरा नुसता उजळलेला, मोठ्याने बोलली, "अहो, म्हणजे ती पावडर तुम्ही त्या रबराला लावत होतात?"

पलीकडे मालकांचं नाक कॅमेऱ्यातून बाहेर आलं.

ती तेवढ्यावर थांबेल तर ना. वळसा घालून त्यांच्या दुकानातच शिरली. मी मागोमाग. "मी काय काय समजत होते," ती सांगत सुटली, "आणि हे आपले त्या फुग्याला पावडर लावतायत. देवा, मला वाटलं..." नवीकडे बघितल्यावर तिला आठवलं की काय वाटलं ते इथे सांगायचं नसतं.

"काय वाटलं, वहिनी?" नवीने विचारलं.

"काही नाही. तुमचा ड्रेस छान आहे."

मालकांनी भाऊजींकडे बघितलं. खिशाला बाहेरून पांढरा डाग उमटला होता. भाऊजींनी फुगा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "माझ्या हातून झालंय. यांनी काही केलेलं नाही." धाकटीला तेव्हा कुठे उमजलं, आपण आनंदाच्या भरात नवऱ्याचं काय करून ठेवलं ते. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली.

मालक पुष्कळ बोलले. ते मी इथे लिहीत नाही, ते त्यांच्या आणि भाऊजींच्या मध्ये राहू दे. नवी मात्र घड्याळाकडे बघत होती. ती म्हणाली, "मालक, नंतर बोला. आधी हे काढलं पाहिजे. काका, कॅमेरा तोंड खाली करून धरता का? माझा हात इतका वेळ एका जागी राहत नाही."

भाऊजींनी धरला. दगडासारखा. तिने लाल फुग्याने वारा मारला, कोपऱ्यांतली पावडर बारीक नळीने ओढून काढली, मग कॅमेरा वर करून औषधात भिजवलेल्या मऊ पट्टीने आतली काच पुसली. एकाच दिशेने एक हात, आणि पट्टी फेकून द्यायची. मग नवी पट्टी. पट्ट्यांचा ढीग पडला. इतक्या वेळात भाऊजी एकदाच बोलले, "याला जोर जास्त आहे, बेताने दाबा," आणि ती "हो काका" म्हणाली, आणि "काका" ऐकून त्यांनी जी मान वळवली, त्यावरून मला कळलं की माणूस अजून जिवंत आहे.

संध्याकाळी भिंतीचा फोटो स्वच्छ आला. सर आले. मालक सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊजीच म्हणाले, "सर, माझ्यामुळे आत पावडर गेली होती. यांनी काढली."

सरांनी हुंगलं. "अजून येतोय वास," म्हणाले. मग कॅमेरा गळ्यात अडकवत, "ठीक आहे. यापुढे ताईंकडेच देत जाईन." शांतपणे म्हणाले, रागावून नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. भाऊजींनी मान हलवली आणि आपल्या टेबलाशी जाऊन एक आधीच पुसलेली लेन्स पुसत बसले.

घरी जाताना धाकटी त्यांच्या शेजारून चालत होती, आणि भाऊजी दोन पावलं बाजूला. "मी मुद्दाम नाही हो बोलले," ती म्हणाली. "माहितेय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तू काय समजत होतीस?" तिने सांगितलं. भाऊजी रस्त्यात उभेच राहिले. मला वाटलं आता चिडणार. तर म्हणाले, "माझ्याबद्दल?" आणि पुढे सगळी वाट ताठ मानेने चालले. एवढ्या वाईट दिवशी सुद्धा पुरुषमाणसाला काय सुचेल सांगता येत नाही.

आठवड्याने सर फोटो घेऊन आले, नवीला दाखवायला. तिच्या कॉम्प्युटरवर लावले. पाणी, गवत, आणि वर मोठं थोरलं आकाश, मध्ये एक लांब मानेचा पक्षी पंख पसरून. "बघा ताई," सर म्हणाले, "आकाश कसं लख्ख आलंय. एक डाग नाही."

भाऊजी आपल्या जागेवर. एक मिनिट कसंबसं काढलं असेल. मग उठले, दोघांच्या मागे जाऊन उभे राहिले, आणि त्या पक्ष्याकडे ढुंकूनही न बघता आकाशच बघायला लागले. वरून खाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आपण तांदूळ निवडतो तसं.

"हा काय," ते म्हणाले. घरात मूल झाल्यावर सुद्धा या माणसाचा आवाज इतका आनंदी नव्हता. "वरच्या कोपऱ्यात. कण राहिलाय मॅडम तुमचा."

नवीचा चेहरा उतरला. "नाही हो, मी बघून दिला होता."

"मोठं करा. करा ना मोठं."

तिने मोठं केलं. कण वाढला. आणखी मोठं केलं. कणाला एका बाजूला टोक आलं, मग दुसऱ्या बाजूला. मग सरळ पंख दिसायला लागले. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक पडद्याला टेकवलं.

"हा तर पक्षी आहे," नवी म्हणाली, सुटकेचा श्वास टाकून.

भाऊजींचं तोंड बघवत नव्हतं. पण सरांचं नाक पडद्यालाच. मग म्हणाले, "हा इथे होता? मी चार वर्षं याची वाट बघतोय. समोरच्याच्या नादात मी वर बघितलंच नाही." मग वळून भाऊजींकडे बघितलं. "तुम्हाला हा दिसला कसा?"

आता भाऊजी काय सांगणार? की मी तिची चूक शोधत होतो? म्हणाले, "सवय आहे."

सरांनी खुर्ची उचलली आणि भाऊजींच्या टेबलाशी नेऊन ठेवली. "बाकीचे पण बघता का? पुष्कळ आहेत."

तेव्हापासून असं चाललंय. कॅमेरा सर नवीकडेच देतात, ते काही बदललं नाही. पण फोटो घेऊन बसतात भाऊजींपाशी. भाऊजी कण शोधतात, कधी खरंच धूळ निघते, कधी फांदीचं टोक, आणि कधीमधी एखादा पक्षी. पक्षी निघाला की दोघं हसतात, आणि मग पलीकडून लाल फुग्याचा आवाज जोरजोरात यायला लागतो, फूप फूप फूप, तिच्या हातातल्या कॅमेऱ्याने काही केलं नसताना. नवीने परवा मला विचारलंच, "ताई, एवढं काय असतं हो त्यांच्या त्या फोटोंत? माझ्याकडे होते तेव्हा तर सर पंधरा मिनिटांत उठायचे."

मी म्हटलं, "जाऊन बघ की."

ती गेली. हातातलं काम ठेवून त्यांच्या टेबलाशी उभी राहिली. "मी पण बघू का?"

भाऊजी सरकले. फार नाही. खुर्चीचा एकच पाय हलेल, एवढंच.